हिकमत म्हणजे नेमकं काय? कुरआनातल्या शहाणपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी दर गुरुवारी दुपारनंतरच्या असरच्या नमाजीनंतर माझ्या ओटीवर बायका जमतात आणि आम्ही कुरआनाचा मराठी अर्थ सावकाश वाचतो. एकेका आयतीवर, म्हणजे वचनावर, कधी दोन-दोन गुरुवार जातात. 'हिकमत' या शब्दावर तर अख्खा पावसाळा गेला. तेव्हा निघालेले प्रश्न, आणि मागाहून कुवेत-कतारला असलेल्या मुलांनी फोनवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, नाही. वाचलेलं आणि जाणत्यांना विचारून घेतलेलं लिहिते आहे. जिथे फक्त माझं मत आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बाई, हिकमत म्हणजे युक्तीच ना?

मराठीत, हो. बंद पडलेला पंप सुतळी आणि तारेच्या तुकड्यावर चालू करतो त्याला आपण हिकमती म्हणतो. 'नाना हिकमती लढवल्या' असंही म्हणतो. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि येता येता हलका झाला.

अरबीत त्याचं मूळ ह-क-म. हुकूम, हाकिम, हकीम, हुकूमत हे सगळे त्याच घरातले. जुने अरबी कोशकार या मुळाचा पहिला अर्थ देतात तो आवरण्याचा, अडवण्याचा. घोड्याच्या लगामाचा जो भाग त्याचं तोंड धरून ठेवतो, त्याला अरबीत 'हकमा' म्हणतात. आपल्याकडे घोडे कुठले, पण बैलाची वेसण सगळ्यांनी पाहिली आहे. बैलात ताकद असतेच. नांगराची रेघ सरळ जाते ती वेसणीमुळे.

म्हणजे मराठीतली हिकमत वाट काढते आणि कुरआनातली हिकमत आधी थांबवते. हा फरक आमच्या बैठकीत ज्या दिवशी बोलला गेला, त्या दिवशी पुढचं वाचन तिथेच राहिलं. प्रत्येकीला आपण न थांबल्यामुळे बिघडलेलं काहीतरी आठवत होतं.

मग मराठीत कोणता शब्द वापरायचा?

मराठी अनुवादांत तत्त्वदर्शिता, बुद्धिमत्ता, विवेक, शहाणपण असे वेगवेगळे शब्द भेटतात. तत्त्वदर्शिता बरोबर असेलही, पण तो शब्द उच्चारला की समोरच्या बाईचा चेहरा कोरा होतो. बुद्धिमत्ता मला चुकीचा वाटतो, कारण बुद्धिमान माणूस लबाड असू शकतो, हिकमतवाला नाही. विवेक जवळचा आहे. त्याच्या मुळाशी वेगळं करणं, निवडणं आहे, सुपात तांदूळ पाखडतो तसं.

मी स्वतः शहाणपण म्हणते. 'जास्त शहाणपण करू नकोस' असं म्हणून आपण त्या शब्दाची रया घालवली आहे हे खरं, पण 'शहाणं माणूस' म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर येतं ते कमी बोलणारं, वेळ ओळखणारं माणूसच.

कुरआनात हा शब्द किती वेळा येतो?

वीस वेळा. सूरह (अध्याय) बकरहच्या २६९ व्या आयतीत दोनदा येतो. तिचा आशय असा: अल्लाह हवं त्याला हिकमत देतो, आणि ज्याला ती मिळाली त्याला फार मोठं भलं मिळालं. याशिवाय अल्लाहचं 'हकीम' हे नाव जागोजागी येतं ते वेगळंच.

आपण शाफई. आपल्या इमामांनी काय सांगितलंय?

हा प्रश्न कोकणात पहिल्यांदा यायलाच हवा. किनाऱ्यावरचे आपण बहुतेक सगळे शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या पंथाचे, आणि 'हिकमत म्हणजे काय' यावर इस्लामच्या इतिहासात सर्वांत जास्त चाललेलं उत्तर आपल्याच इमामांचं आहे. इमाम शाफई सन ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. आपल्या 'रिसाला' ग्रंथात ते एक बारीक गोष्ट दाखवतात. पैगंबरसाहेब लोकांना 'किताब आणि हिकमत' शिकवतात असं कुरआन पुन्हा पुन्हा म्हणतो. किताब तर कुरआन झाला, मग शेजारी ठेवलेली हिकमत कोणती? ते म्हणतात, ती पैगंबरसाहेबांची सुन्नत, त्यांची रीत.

याचं वजन समजून घ्या. यामुळे हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, आणि सुन्नत यांना कुरआनाच्या पाठोपाठ जागा मिळाली. नमाज कशी पढायची, जकात किती द्यायची, हा सगळा तपशील सुन्नतेतून येतो.

पण हेच एक उत्तर होतं असं नाही. इमाम शाफईंच्या आधीची आणि त्यांच्या काळातली मतं तबरी (मृत्यू ९२३) यांनी आपल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनाचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, गोळा करून ठेवली आहेत. कुणी हिकमत म्हणजे कुरआनाची जाण म्हणतं, कुणी धर्माची समज, कुणी बोलण्या-वागण्यातला अचूकपणा. एकाच शब्दावर इतकी मतं शेजारी शेजारी, आणि कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. हे पान मी बैठकीत मुद्दाम दोनदा वाचून दाखवते.

मग आधुनिक अभ्यासक वेगळं काय म्हणतात?

त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. कुरआन सांगतो की हिकमत हजरत दाऊदना मिळाली, हजरत ईसांना मिळाली, लुकमानना मिळाली. ते तर शेकडो वर्षं आधीचे. मग हिकमतचा अर्थ फक्त मुहम्मद पैगंबरांची सुन्नत एवढाच कसा असेल?

जुन्या पठडीतले यावर म्हणतात की इमामसाहेब फक्त किताबच्या जोडीला, आपल्या पैगंबरांच्या संदर्भात आलेल्या जागांबद्दल बोलत होते. उत्तर वजनदार आहे. पण प्रश्न त्याने संपत नाही, कारण मग बाकीच्या जागांचं काय, हे उरतंच.

इजिप्तचे मुहम्मद अब्दुह (१८४९–१९०५) आणि त्यांची व्याख्यानं 'मनार' तफसीरमध्ये उतरवणारे त्यांचे शिष्य रशीद रिदा यांनी भर दिला तो अक्कल आणि कृती यांच्या सांध्यावर. त्यांचं सांगणं मी माझ्या शब्दांत मांडते: हिकमत म्हणजे मनात इतकं मुरलेलं खरं ज्ञान, की इच्छेचा लगाम त्याच्याच हातात जातो आणि माणूस त्याप्रमाणे वागू लागतो. नुसतं पाठ असणं म्हणजे हिकमत नव्हे. आणि अक्कल हे तिचं हत्यार आहे, म्हणून डोळे मिटून दुसऱ्याच्या मागे चालणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.

आपल्या देशातून एक वेगळी वाट निघाली. उत्तर प्रदेशातल्या आझमगडकडचे हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०), त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही (१९०४–१९९७) आणि त्यांच्या परंपरेतले जावेद अहमद गामिदी. गामिदी दीनचे, म्हणजे धर्माचे, दोन भाग करतात. किताब म्हणजे कायदा, काय करावं आणि कसं करावं. हिकमत म्हणजे त्यामागची श्रद्धा आणि नीती, का करावं. या घराण्याला हिकमत कुरआनाच्या बाहेर शोधावी लागत नाही, ती कुरआनातच आहे.

सीरियाचे मुहम्मद शहरूर (१९३८–२०१९) हे पेशाने स्थापत्य अभियंता. ते आणखी पुढे गेले: हिकमत म्हणजे सगळ्या माणसांना लागू पडणारी नीती, आणि ती मिळायला पैगंबर असावं लागत नाही. त्यांच्या पद्धतीवर उलेमांनी कडक टीका केली, आणि शब्दांना हवे तसे अर्थ लावण्याची त्यांची घाई मलाही खटकते. पण लुकमानकडे बोट दाखवतात तेव्हा ते चूक नाहीत.

लुकमान कोण? ते पैगंबर होते का?

बहुतेकांच्या मते नव्हते. जुन्या रिवायतींत, म्हणजे पिढ्यानपिढ्या सांगत आलेल्या कथनांत, कुठे ते हबशी गुलाम आहेत, कुठे सुतार. तरीही कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे, एकतिसावी, आणि तिच्या बाराव्या आयतीत 'आम्ही लुकमानला हिकमत दिली' असं स्पष्ट आहे. आयत लगेच सांगते ती गोष्ट म्हणजे शुक्र. अल्लाहचे आभार मान.

पुढे बापाने मुलाला केलेला उपदेश आहे. त्यातली सोळावी आयत माझ्या दादीने मला शिकवली ती अशी. मी सात-आठ वर्षांची असेन. आमचं घर जांभ्याचं, ओटीची भिंत गिलावा न केलेली. दादीने फोडणीच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा उचलला आणि जांभ्याच्या एका भोकात ढकलला. म्हणाली, शोध. मी काडी घातली, फुंकर मारली, दिवा धरला. दाणा कुठला सापडायला! तेव्हा तिने आयत म्हटली आणि अर्थ सांगितला: कर्म मोहरीच्या दाण्याएवढं असलं आणि खडकात लपलेलं असलं, तरी अल्लाह ते बाहेर आणेल. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती भिंत अजून आहे, आणि त्या भोकाकडे माझी नजर आजही जाते.

त्याच उपदेशात आहे: चालण्यात मध्यम राहा, आवाज खाली ठेव, कारण सगळ्यात कर्कश आवाज गाढवाचा. हिकमत चालण्यात आणि आवाजातसुद्धा असते, हे यातून कळतं.

हिकमतची अशी काही यादी कुरआनात आहे का?

आहे म्हटलं तरी चालेल. सतराव्या सूरहच्या २२ ते ३८ या आयती वाचा. आई-बाप म्हातारे झाले तर त्यांना 'उफ्' म्हणू नका. नातेवाईक, गरीब आणि वाटसरू यांचा हक्क द्या. उधळू नका आणि मूठही आवळून धरू नका. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका. व्यभिचाराच्या जवळ जाऊ नका. यतीमाच्या, म्हणजे अनाथाच्या, मालाला हात लावू नका. मापात माप पुरं द्या. ज्याचं ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका. जमिनीवर ताठ्याने चालू नका. आणि मग ३९ व्या आयतीत: हे त्या हिकमतीतलं आहे, जी तुझ्या रबने तुझ्याकडे पाठवली.

आधुनिक अभ्यासक या जागेवर फार रेंगाळतात आणि मलाही तसंच वाटतं. मापात माप देणं ही हिकमत! आमच्याकडे आंब्याच्या मोसमात हे वाक्य वाचलं की बागवाल्यांच्या घरच्या बायका एकमेकींकडे पाहतात. पेटीच्या वरच्या थरात मोठं फळ आणि खाली बारकं, किंवा भलतीकडचा आंबा हापूस म्हणून विकणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्यवहार म्हणून ते चालून जातं. कुरआनाच्या यादीत मात्र ते एका अल्लाहच्या बंदगीच्या शेजारच्या खोलीत नाही, त्याच खोलीत आहे.

बायकांचा यात काही उल्लेख आहे का?

सूरह अहजाब, आयत ३४. पैगंबरसाहेबांच्या पत्नींना सांगितलं आहे: तुमच्या घरांत अल्लाहच्या ज्या आयती आणि जी हिकमत पढली जाते, ती लक्षात ठेवा. हिकमत जतन करण्याचं काम इथे बायकांवर सोपवलं आहे, तेही घराच्या आत. पुढे पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून सहाबा, म्हणजे पैगंबरसाहेबांचे सोबती, दीन विचारून घेत, त्यांच्या चुका त्या दुरुस्त करत, हे आपल्या हदीसच्या ग्रंथांतच आहे. अमेरिकेतल्या अमीना वदूद यांच्यासारख्या अभ्यासिका कुरआन बाईच्या नजरेने वाचू पाहतात तेव्हा काहींना ते नवं खूळ वाटतं. त्यांची सगळी मतं मी मान्य करत नाही. पण बायकांनी आयतींचा अर्थ लावणं ही मदिन्याच्या त्या घरांतली जुनी रीत आहे.

याच आयतीतला 'पढली जाते' हा शब्द वादात महत्त्वाचा ठरतो. पढला जातो तो कुरआन, म्हणून हिकमतही कुरआनातलीच, असं काहीजण म्हणतात. इमाम शाफईंच्या बाजूचे म्हणतात, इथे पढणं म्हणजे उच्चारून सांगणं, आणि सुन्नतही तशीच सांगितली गेली. मला दोन्ही अर्थ पटतात. त्यांच्यात निवड करायची गरज मला कधी वाटली नाही.

हुकमामागची हिकमत कळली तर हुकूम बदलता येतो का?

सर्वांत नाजूक प्रश्न हाच, आणि मुलं फोनवर बहुधा हाच विचारतात.

फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्याच्या शास्त्रात, दोन शब्द आहेत, इल्लत आणि हिकमत. हुकूम ज्यावर टेकतो ते कारण इल्लत, आणि त्यामागचा हेतू हिकमत. मुंबईला जाताना प्रवासात नमाज कसर करता येते, म्हणजे चार रकातींच्या जागी दोन. इथे इल्लत म्हणजे प्रवास, आणि हिकमत म्हणजे त्रास कमी करणं. आता कोकण रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात आरामात बसलेल्याला त्रास कुठला? तरी त्याला सवलत आहे. आणि दिवसभर कातळावर चिरे फोडणाऱ्याला त्रास कितीतरी जास्त, तरी त्याला ती नाही. कारण प्रवास मोजता येतो, त्रास मोजता येत नाही. त्रासावर हुकूम ठरवला असता तर ज्याने त्याने आपापला त्रास मोजला असता. जुन्या फकीहांनी, म्हणजे फिकहच्या जाणकारांनी, हे फार विचाराने केलं आहे, आणि त्यांना हसण्याआधी हे समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

आधुनिक अभ्यासक म्हणतात, ठीक, पण हेतूकडे पाठ फिरवून कसं चालेल? ट्युनिशियाचे इब्न आशूर (१८७९–१९७३) यांनी शरियतच्या मकासिदवर, म्हणजे हेतूंवर, १९४६ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. पाकिस्तानातून अमेरिकेत गेलेले फजलूर रहमान (१९१९–१९८८) यांनी दुहेरी चाल सुचवली: आधी आयत ज्या काळात उतरली तिथे जाऊन तिचा नैतिक गाभा शोधायचा, मग तो घेऊन आजच्या काळात परत यायचं. ते याला हिकमत म्हणत नाहीत, पण मला त्यात हिकमतच दिसते. दुसरे खलीफा हजरत उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीची सजा थांबवली होती, ही रिवायत या बाजूने नेहमी दिली जाते. खुद्द इमाम शाफईंची इराकमधली मतं वेगळी आणि इजिप्तमध्ये गेल्यावरची वेगळी. जुनी आणि नवी अशी त्यांची नावंच पडली आहेत.

माझं मत विचाराल तर, नमाज-रोज्यांत इल्लत धरावी, माणसा-माणसांतल्या व्यवहारात हिकमत शोधावी. आणि ती एकट्याने शोधू नये.

म्हणजे हिकमत म्हणजे नियम मोडायची परवानगी नाही?

नाही. माझे मामू हर्णै बंदरात तांडेल होते. एकदा ऑगस्टात, पावसाळी बंदी उठून थोडेच दिवस झाले होते. हवामान खात्याने काही मनाई केलेली नव्हती, बाकीच्या होड्या सुटत होत्या. दोन महिने कमाई नाही, खलाशी जाळी भरून तयार. मामू वाळूत उभे राहिले, पश्चिमेकडे पाहिलं, तळहात ओला करून वारा घेतला आणि म्हणाले, आज नाही. त्यांची होडी जुनी, इंजिन दुरुस्तीहून नुकतं आलेलं. दुसऱ्यांच्या होड्या गेल्या आणि आल्याही, मासळी घेऊन. मामूंना त्या दिवशी लोक हसले. ते एवढंच म्हणाले, त्यांची होडी मी चालवत नाही.

मनाई असती तर मामू कधीच गेले नसते. मनाई नसतानाही ते थांबले. किताब सगळ्या होड्यांना एकच असते. हीच होडी, हाच वारा, हाच दिवस, हे ज्याला कळतं त्याच्यापाशी हिकमत, असं मी त्या दिवसापासून समजते.

घरातल्या भांडणांत याचा काही उपयोग?

सूरह निसा, आयत ३५. नवरा-बायकोत बिनसलं तर एक 'हकम' त्याच्या घरचा आणि एक 'हकम' तिच्या घरचा नेमा. हकम म्हणजे लवाद, शब्द त्याच मुळातला. आपल्या गावांत जमातीपुढे अशी प्रकरणं येतात. आयतीत तिच्या घरचा माणूस त्याच्या घरच्या माणसाइतकाच मोजला आहे. पण मी पाहिलेल्या एका बैठकीत तिच्या बाजूने बोलायला तिचा भाऊसुद्धा बोलावलेला नव्हता. जमातीतल्या कर्त्या मंडळींनी पुढची बैठक घेण्याआधी ही एक आयत मोठ्याने वाचावी, एवढं माझं मागणं आहे.

कोकणातल्या कुणी कुरआनाचा अर्थ लिहिला आहे का?

हो, आणि हे आपल्या मुलांना ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं. माहीमचे मखदूम फकीह अली, ज्यांच्या दर्ग्याची जत्रा सगळी मुंबई ओळखते, ते शाफई फकीह होते आणि त्यांनी अरबीत संपूर्ण कुरआनाची तफसीर लिहिली. १४३१ मध्ये ते वारले. एका आयतीचा दुसरीशी सांधा कसा जुळतो हे ते दाखवत जातात, आणि प्रत्येक सूरहच्या सुरुवातीची बिस्मिल्लाह त्या सूरहच्या विषयाप्रमाणे नव्याने उलगडतात. म्हणजे तेच शब्द, दर ठिकाणी वेगळ्या प्रकाशात. चारशे-पाचशे वर्षांनी फराहींनीही आयतींच्या अशाच जोडणीवर सगळा भर दिला. अर्थाचं काम फक्त कैरो आणि दमास्कसला झालं असं समजणाऱ्यांनी एकदा माहीमच्या खाडीकडे पाहावं.

हमीद दलवाई हेच सांगत होते का?

नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई (१९३२–१९७७) बदल मागत होते तो राज्यघटनेच्या आणि समान हक्कांच्या बळावर, आयतींच्या नव्या अर्थातून नव्हे. दोन वाटा वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नये.

बिगर-मुस्लिमांकडून, संतांकडून शहाणपण घ्यावं का?

'हिकमत ही मोमिनाची (श्रद्धावंताची) हरवलेली वस्तू, जिथे सापडेल तिथे तिच्यावर त्याचा हक्क' अशी हदीस तिर्मिजी या हदीसच्या ग्रंथात आहे. तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, कमजोर मानली जाते, हे सांगायला हवं, कारण भाषणांत ती बेधडक वापरतात. पण काही कवितांत हिकमत असते, ही हदीस बुखारी या ग्रंथात आहे. मी आयुष्यभर तुकोबा आणि बहिणाबाई शिकवल्या. मला त्यात कधी अडचण आली नाही.

सुरुवात कुठून करू?

तफसीरचे जाड खंड आधी उघडू नका. पहिल्या गुरुवारी सूरह लुकमानच्या १२ ते १९ या आयती घ्या. पुढचे दोन-तीन गुरुवार सतराव्या सूरहची ती यादी, रोज एकच आयत, आणि दिवसभरात ती कुठे आडवी आली ते संध्याकाळी वहीत एका ओळीत लिहायचं. बकरहची २६९ वी आयत त्यानंतर. दोन वेगवेगळे मराठी अनुवाद शेजारी ठेवा, आणि जिथे शब्द जुळत नाहीत तिथे पेन्सिलने खूण करा. प्रश्न त्या खुणांपाशी निघतात. आमच्या वहीत अजून अकरा खुणा सुटायच्या आहेत.